काझिमिएझ दोल्नी: गहू गेला, गाव राहिलं

पोलंडला येणारी आपली मंडळी साधारण ठरलेलंच करतात, क्राकूव्ह, ऑशविट्झ, ती मिठाची खाण, वॉर्सात एक दिवस आणि मग प्राग नाहीतर बुडापेस्ट. आई-बाबा माझ्याकडे वॉर्साला राहायला आले तेव्हा माझाही तोच प्लॅन होता, पण बाबांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "मोठी शहरं बास झाली बाबा. एखादं गाव दाखव, नदीकाठचं, माणसं कशावर जगली ते कळंल असं." बाबा रिटायर्ड मास्तर, भूगोल शिकवायचे, सगळी नोकरी कोल्हापूर जिल्ह्यात. त्यामुळे वॉर्सातलं कोल्हापूरचं स्मारक बघून ते आधीच खूश होते. दुसऱ्या महायुद्धात रशियाने हाकललेली पाचेक हजार पोलिश माणसं १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळच्या आपल्या वळिवड्यात राहिली, त्याची आठवण म्हणून ते उभारलंय. बाबा तिथे फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकत बसले होते. तर त्यांच्यासाठी गाव शोधायचं म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच नाव आलं, काझिमिएझ दोल्नी.

गुरुवार

वॉर्साहून साधारण दीडशे किमी, आग्नेयेला. गावाला रेल्वे नाही. पुवावीपर्यंत ट्रेनने जायचं आणि तिथून बस, शेवटचा रस्ता नदीच्या कडेकडेने जातो. नदी म्हणजे व्हिस्टुला, इथले लोक विस्वा म्हणतात. दक्षिणेच्या डोंगरात उगम, क्राकूव्ह आणि वॉर्सावरून उत्तरेला बाल्टिक समुद्रापर्यंत १,०४७ किमी, आणि त्यातला हा मधला तुकडा असा आहे की नदी दोन्ही बाजूंच्या उंच पठारांमधून वाट फोडून जाते. पोलंडचा बराचसा भाग एकदम सपाट, त्यामुळे बसमधून अचानक पांढरट कडे आणि झाडीने भरलेल्या टेकड्या दिसल्या की बरं वाटतं. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते, आई झोपली होती.

वस्ती जेमतेम अडीच हजाराची. आपल्याकडे एवढ्याला गाव पण म्हणताना विचार करतील, वाडी म्हणतील. पण इथे चौकात उतरलं की वाटतं हे कुठल्यातरी श्रीमंत शहराचं मधलंच कापून आणून ठेवलेलं आहे, बाकीचं शहर कुठे गेलं कळत नाही. चौकाला इथे रीनेक म्हणतात. जमीन उताराची, खाली दगडी गोट्यांची फरशी (आईच्या चपलांचं काही खरं नव्हतं, स्पोर्ट्स शूज घालायला लावले), मधोमध छप्पर असलेली लाकडी विहीर आणि वरच्या बाजूला चर्च, त्याच्यावर किल्ल्याचे अवशेष, त्याच्यावर बुरूज. एका नजरेत सगळं. कोपऱ्यावर एक ब्राँझचा कुत्रा बसलाय, त्याच्या नाकाला हात लावला की नशीब उघडतं म्हणतात, नाक घासून घासून पिवळंधमक झालंय. आम्ही पण लावला, फुकट आहे म्हटल्यावर का सोडा.

चौकात बघायचं म्हणजे प्शिबिवा बंधूंची जोडघरं. मिकोवाय आणि क्षिश्तोफ असे दोन भाऊ, धान्याचे व्यापारी, घरांवर साल १६१५. दोघांनी आपापल्या नावाचा संत आपापल्या घराच्या भिंतीवर कोरून घेतला, एकाचा सेंट निकोलस, दुसऱ्याचा सेंट ख्रिस्तोफर. हा ख्रिस्तोफर नदी ओलांडणाऱ्यांचा संत, खांद्यावर बाळ येशू, हातात झाडाएवढी काठी, पाय पाण्यात, आणि अंगाने इतका आडदांड की शेजारच्या खिडक्या त्याच्यापुढे लहान दिसतात. खरं सांगायचं तर कोरीवकाम ओबडधोबडच आहे. इटलीतली घरं बघितलेल्या गवंड्याने ती आठवून आठवून बनवावीत आणि जिथे आठवणार नाही तिथे वेलबुट्टी भरून टाकावी, असा प्रकार आहे, पूर्ण भिंतीवर हाताएवढी जागा मोकळी नाही. मला तेच आवडलं. नवीन पैसा आल्यावर माणूस जसं घर बांधतो तसं आहे हे, आणि चारशे वर्षांनी आपण त्याला रेनेसाँस म्हणतोय. वर छप्पर दिसू नये म्हणून उंच नक्षीची भिंत उभी केलीये. थोडं खाली गेलं की त्सेलेई घराण्याचं घर आहे, १६३५ च्या आसपासचं, त्यात आता म्युझियम, तिथली वरची नक्षी तर अजून वेडी, ड्रॅगन काय, चित्रविचित्र प्राणी काय.

आता एवढा पैसा आला कुठून? नदीकाठाने चालत गेलं की कळतं, तिथे मोठमोठी दगडी गोदामं उभी आहेत, धान्याची कोठारं, समोरच्या भिंतीला वळणावळणाचा आकार, खिडक्या बारक्या. १४६६ च्या तहानंतर विस्वाचा खालचा भाग आणि ग्दान्स्क बंदर पोलंडच्या राजाकडे आलं आणि ही नदी धान्याचा हायवे झाली. लुब्लिनच्या पठारावरचा गहू बैलगाड्या-घोडागाड्यांनी इथे यायचा, कोठारात साठायचा, वसंतात नदीला पाणी चढलं की लाकडी बोटींत भरून ग्दान्स्कला, तिथून डच जहाजांत. काही बोटी तर एकाच फेरीसाठी बांधायचे, ग्दान्स्कला धान्य उतरवलं की बोट मोडून लाकूड पण विकायचं, आणि नावाडी शेकडो किलोमीटर चालत परत. सोळावं शतक आणि सतराव्याची पहिली पन्नास वर्षं, एवढाच काय तो या गावाचा सुकाळ. एका कोठारात (१५९१ चं आहे) आता निसर्गाचं म्युझियम केलंय, दुसऱ्या दिवशी बाबा त्यात किती वेळ होते ते विचारू नका.

संध्याकाळी पिएरोगी. उकडलेले, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज, वरून तळलेला कांदा. शाकाहारी माणसाला पोलंडमध्ये हाच आधार. वरून डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात, ते नको म्हणून आधीच सांगायचं. जूनचा शेवटचा आठवडा असल्याने नऊ वाजले तरी उजेड होता.

शुक्रवार

सकाळी घळ. या गावाच्या आजूबाजूला लोएसच्या, म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक पिवळ्या मातीच्या, घळी आहेत, आणि बाबांना मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. कोझेनिओव्ही दूव म्हणून सगळ्यात प्रसिद्ध घळ आहे, गावापासून दोनेक किमी. चौकातून बॅटरीवर चालणाऱ्या उघड्या गाड्या मिळतात, मेलेक्स म्हणतात, ड्रायव्हर लोक हाका मारमारून बसवतात. जाताना गाडीने, येताना चालत असं केलं.

आत शिरलं की आवाजच बंद होतो. दोन्ही बाजूंना पिवळ्या मातीच्या उभ्या भिंती, दोन-तीन पुरुष उंच, आणि वरच्या झाडांची मुळं त्या भिंतींतून बाहेर आलेली, नुसती लोंबत असलेली, काही मांडीएवढी जाड. झाडं अशी उभी की खालची निम्मी माती निघून गेलीये आणि उरलेल्या निम्म्या मुळांवर संसार चाललाय. बाबांनी भिंतीची चिमूटभर माती काढली, बोटांत चोळली आणि आईच्या हातावर ठेवली. आई म्हणाली, "अहो, हे तर चाळलेलं बेसन आहे." अगदी तसंच, ना खडा ना वाळू, बोटांच्या रेघांत जाऊन बसणारी पूड.

मग तिथेच उभं राहून लेक्चर झालं. बाबांनी चाळीस वर्षं पोरांना लोएस शिकवला होता, चीनमधला, पिवळी नदी आणि पिवळा समुद्र वगैरे, पण स्वतः कधी हातात घेतला नव्हता. हिमयुगात उत्तरेला बर्फाचे थर होते, त्यांच्या कडेची कोरडी जमीन उघडी, झाड नाही झुडूप नाही, वाऱ्याने तिची बारीक धूळ उचलून इथे आणून टाकली, हजारो वर्षं, काही ठिकाणी थर तीस मीटरपर्यंत. ही माती कोरडी असली की उभी कापली तरी ढासळत नाही, पण पाणी लागलं की विरघळल्यासारखी वाहून जाते. त्यात माणसाने जंगल तोडलं, शेती केली, एकाच वाटेने वर्षानुवर्षं गाड्या गेल्या, चाकोरी खोल झाली, त्या चाकोरीतून पावसाचं पाणी वाहायला लागलं आणि रस्त्याची घळ झाली. या भागात एका चौरस किलोमीटरमध्ये दहा किलोमीटरपर्यंत घळी भरतात, युरोपात इतकं दाट जाळं दुसरीकडे नाही असं सांगतात.

"म्हणजे बघ," बाबा म्हणाले, "ही माती आहे म्हणून गहू. गहू आहे म्हणून काल बघितलेली ती घरं. आणि तो गहू नदीपर्यंत नेता नेता ह्यांनी रस्तेच खणून ठेवले." मला वाटतं गावाच्या इतिहासाचं एवढं नेमकं वाक्य तिथल्या एकाही माहितीफलकावर नव्हतं.

दगडाचं पण तसंच. गावातली जुनी घरं, चर्च, कोठारं, किल्ला, सगळं एकाच पांढरट मऊ दगडातलं, ओपोका म्हणतात, चुनखडीचाच भाऊ. क्रिटेशिअस काळात, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळात, इथे समुद्र होता, त्याच्या तळाचा गाळ हा. कुंपणाच्या भिंतीत नीट बघितलं तर शिंपल्यांचे ठसे दिसतात, एक बाबांना सापडला, अर्ध्या तळहाताएवढा, त्याच्या रेघा अजून मोजता येतील अशा. आणि नदीपलीकडे नाशिवूव्ह आणि अलीकडे बोहोत्नित्सा, या दोन ठिकाणी तर डायनासोर संपले त्या वेळची, सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीची सीमा खडकात दिसते, खाली पांढरा ओपोका आणि वर हिरवट वाळूचा थर. साधारण त्याच काळात आपल्याकडे दख्खनचा लाव्हा ओतत होता. म्हणजे सह्याद्रीचा काळा दगड तयार होत असताना इथे हा पांढरा दगड समुद्राखाली बसत होता. हे कळल्यावर बाबा पाच मिनिटं गप्प होते, आणि आमच्या घरात ही बातमी आहे.

दुपारी चढाई. आधी तीन क्रॉसची टेकडी, नदीपासून नव्वदेक मीटर वर. थोडे झ्लॉटी (इथलं चलन) तिकीट, पायऱ्या खड्या. १७०८ मध्ये प्लेगची साथ आली, त्यात गेलेल्यांसाठी वर तीन लाकडी क्रॉस उभारले. वरून सगळं नकाशासारखं दिसतं, लाल छपरं, नदीचं रुंद वळण, मधली वाळूची बेटं, पलीकडच्या तीरावर यानोविएत्सचा किल्ला. नदी आता गावाला चिकटून नाही हे वरूनच नीट लक्षात येतं, मध्ये पुराचा बांध आहे आणि पात्र सरकलंय.

पुढे बुरूज. किल्ल्याच्या आधीचा, वीसेक मीटर उंच, भिंती चार मीटर जाड आणि मूळचं दार जमिनीपासून सहा मीटरवर, म्हणजे शिडी वर ओढून घेतली की शत्रू खाली बोंबलत बसणार. नदीवरच्या वाहतुकीवर नजर आणि जकातीची वसुली, हे त्याचं काम. खाली किल्ला, तो चौदाव्या शतकातल्या राजा काझिमिएझ द ग्रेटचा. गावाचं नाव मात्र त्याच्यावरून नाही. त्याच्याही आधी, ११८१ च्या सुमारास, दुसऱ्या एका काझिमिएझ नावाच्या ड्यूकने ही जागा ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) मठाला दान दिली आणि त्यांनी त्याचं नाव ठेवलं. क्राकूव्हजवळ अजून एक काझिमिएझ असल्याने नदीच्या खालच्या अंगाचं म्हणून हे दोल्नी.

ग्रेट राजाबद्दल दंतकथा अशी की त्याची एस्तेर्का नावाची ज्यू प्रेयसी होती, तिला त्याने बोहोत्नित्साच्या किल्ल्यात ठेवलं आणि इथून तिथपर्यंत भुयार खणलं. आपल्याकडे प्रत्येक किल्ल्यातून एक भुयार निघतंच आणि ते कुणी बघितलेलं नसतं, तर इथेही तेच.

१६५६ मध्ये स्वीडिश सैन्य आलं, किल्ला आणि गाव जाळलं. तिथून जी उतरण लागली ती थांबलीच नाही. लढाया, साथी, नदीचं पात्र सरकणं, १७७२ नंतर नदीचा खालचा भाग प्रशिया या शेजारच्या जर्मन राज्याच्या ताब्यात आणि त्यांची जबर जकात, म्हणजे गव्हाचा धंदा बसला. मग १७९५ मध्ये पोलंड देशच नकाशावरून गेला, शेजाऱ्यांनी वाटून घेतला, आणि हा भाग पुढे रशियाकडे आला. १८७७ ला रेल्वे आली ती पुवावीवरून, काझिमिएझला वगळून. त्याच्या आधी १८६३ च्या उठावानंतर रशियाने शिक्षा म्हणून १८६९ मध्ये याचा शहराचा दर्जा पण काढून घेतला होता, तो परत मिळाला १९२७ ला. आता बघा, व्यापार चालू राहिला असता, रेल्वे आली असती, कारखाने आले असते, तर ही घरं कधीच पाडली गेली असती. पाडून नवीन बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता म्हणून ती वाचली. हेरिटेज वगैरे आपण आज म्हणतो, त्या माणसांना ते दारिद्र्य म्हणून भोगावं लागलं.

उतरताना चर्चमध्ये गेलो. ऑर्गन १६२० चा, पोलंडमधल्या सगळ्यात जुन्यांपैकी, वरचं लाकूडकाम काळपट-सोनेरी. आणि एक हरणाच्या शिंगांचं झुंबर. आईला ऑर्गनपेक्षा झुंबर जास्त लक्षात राहिलंय.

शनिवार

शनिवारी गाव ओळखू येईना. जूनच्या शेवटी इथे लोककलाकारांचा महोत्सव असतो, गावोगावचे वादक आणि गायक, १९६७ पासून. त्यात वीकेंडला अर्धं वॉर्सा आणि अख्खं लुब्लिन इथेच असतं. पार्किंगला जागा नाही, आइस्क्रीमला रांग, फुगे, घोडागाड्या, चित्रं विकणारे. आम्ही राहिलो ते घर गावाच्या वरच्या अंगाला होतं म्हणून झोप तरी लागली, मालकीणबाई सांगत होत्या की या तीन दिवसांचं बुकिंग लोक फार आधी करून ठेवतात.

महोत्सव मात्र टाइमपास नाही. स्टेजवर पाच-सहा आज्या, पट्ट्यापट्ट्यांचे घागरे, डोक्याला रुमाल, माईकपासून लांब उभ्या आणि घशाचा पूर्ण आवाज मोकळा सोडून गातायत, सूर लांबवून शेवटी एकदम तोडतात. मग फिडल आणि ढोल घेतलेले आजोबा. आजूबाजूला विशीतली पोरं-पोरी मन लावून ऐकत होती, मोबाइलवर रेकॉर्ड करत होती, नंतर चौकातच त्याच आज्यांकडून गाणं शिकत होती. मुख्य बक्षिसाला बाश्ता म्हणतात, म्हणजे काल चढलो तो बुरूज. आई दोन तास जागची हलली नाही.

बाबा आणि मी तेवढ्यात धाकट्या चौकात गेलो, माली रीनेक. मोठ्या चौकाच्या मागेच, शंभर पावलांवर. हा ज्यूंचा भाग होता. मध्ये काळ्या लाकडाची लांबट शेड, खाटकांची जुनी दुकानं, एकोणिसाव्या शतकातली. शेजारी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, अठराव्या शतकात बांधलेलं, जर्मनांनी उद्ध्वस्त केलं, १९५३ मध्ये बाहेरून जुन्यासारखं बांधून आत सिनेमा थिएटर केलं. आता ते ज्यू समाजाच्या संस्थेकडे परत आलंय, आत राहायच्या खोल्या आणि जुन्या फोटोंचं छोटं प्रदर्शन. युद्धाआधी गावातली निम्म्याच्या आसपास माणसं ज्यू होती. १९३० च्या दशकात यिडिश (इथल्या ज्यूंची भाषा) सिनेमांची शूटिंग्ज याच गल्ल्यांमध्ये झाली. १९४० मध्ये जर्मनांनी घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडायची वस्ती, केलं, मार्च १९४२ मध्ये सगळ्यांना आधी ओपोलेला आणि तिथून बेवझेत्सच्या मृत्युछावणीत नेलं.

दुपारी आईला घेऊन चेर्नियावीला गेलो, ज्यू दफनभूमी, गावाबाहेर रस्त्याच्या कडेला झाडीत. जर्मनांनी इथल्या कबरींचे दगड उपटून टेकडीवरच्या फ्रान्सिस्कन मठात नेले होते, तिथे गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं, ठाणं होतं, आणि त्यांच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून अंगणात फरशी म्हणून पालथे घातले. युद्धानंतर ते परत मिळाले, तुटलेले, आणि १९८४ मध्ये त्या शेकडो तुकड्यांची एक उंच भिंत उभारली. भिंतीला मधोमध वरपासून खालपर्यंत वेडीवाकडी चीर ठेवलीये, माणूस जाईल एवढी, त्यातून पलीकडची झाडं दिसतात. जवळ जाऊन बघितलं की प्रत्येक दगडावर काहीतरी कोरलेलं. पक्षी, पुस्तकं, आशीर्वादाचे दोन पंजे, मोडलेली फांदी. आईने विचारलं की हे मेणबत्त्यांचं स्टँड इतक्या वेळा का आहे, तर ते बाईच्या कबरीवर असतं, शुक्रवारी संध्याकाळी घरात मेणबत्त्या लावायचा मान तिचा म्हणून. काही दगडांवर अजून रंगाचे कण आहेत, निळे, लाल. चिरेच्या मागे टेकडीवर काही दगड जागच्या जागी उभे आहेत, शेवाळलेले. आमच्याशिवाय तिथे एक म्हातारं जोडपं होतं, बस. चौकातल्या हजारो लोकांपैकी कितीजण इथपर्यंत येतात कुणास ठाऊक, दीड-दोन किलोमीटर तर अंतर आहे. मला याचा राग आला, सरळ सांगतो. मेलेक्सवाले घळीसाठी ओरडतात, तसे चेर्नियावीसाठी पण ओरडू देत की.

येताना बेकरीतून दोन गोष्टी घेतल्या. एक त्सेबुलाश, पातळ गोल गव्हाची रोटी, वर कांदा आणि खसखस, लुब्लिन भागातल्या ज्यू बेकऱ्यांमधली, २०१४ पासून युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन आहे तिला. करणारे गेले आणि मानांकन आलं. दुसरा म्हणजे कोंबडा, कोंबड्याच्या आकाराचा गोडसर पाव, गावभर तोच विकतात. कथा अशी की गावात एक सैतान आला, त्याला कोंबड्याचं मटण फार आवडायचं, सगळे कोंबडे फस्त केले, एकच हुशार कोंबडा लपून राहिला आणि तेवढ्यात साधूंनी पवित्र पाणी शिंपडून सैतानाला पळवलं. पाव दिसायला भारी, खायला कोरडा, चहात बुडवायचाच.

चित्रकारांबद्दल राहिलंच. मरगळलेल्या गावाला पुन्हा उभं केलं ते त्यांनी. वॉर्साच्या कला शाळेतले प्राध्यापक तादेउश प्रुश्कोव्स्की १९२० च्या दशकापासून दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांची टोळी घेऊन इथे यायचे, पोरं दिवसभर घरं-घळी रंगवायची आणि रात्री दंगा. त्यांच्यामागून लेखक, नट, हौशे-नवशे आले, बंगले बांधले. १९४२ मध्ये जर्मनांनी प्रुश्कोव्स्कींना मारलं. युद्धात १९४४ च्या उन्हाळ्यापासून जानेवारी १९४५ पर्यंत लढाईची आघाडीच नदीवर होती, गावाची पडझड झाली, नंतर कारोल शिचिन्स्की या आर्किटेक्टने बरंचसं परत उभं केलं, नवीन घरं पण जुन्याशी जमतील अशी. आज गॅलऱ्या ढिगाने आहेत. चित्रं बहुतेक सगळी सारखीच, चौक, विहीर, सूर्यास्त. एखादं घ्यावंसं वाटलं नाही.

रविवार

गर्दीपासून लांब म्हणून सकाळी लवकर मेञ्चमिएझला चालत गेलो, नदीच्या वरच्या अंगाला तीनेक किमी. नावाड्यांचं गाव हे, गवताने शाकारलेली लाकडी घरं, दारात गुलाब, एक विहीर, टेकाडावर दुसरीकडून आणून बसवलेली पवनचक्की. घरं आता बरीचशी वॉर्सावाल्यांनी घेतलीयेत, गवत नवंकोरं आणि गाड्या महागाच्या. पण वरच्या कड्यावरून नदी जी दिसते त्याला तोड नाही. बांधलेली, सरळ केलेली नदी नाही ही, मनाला येईल तिथे वाळू टाकते, बेटं करते, मोडते. बाबांनी विचारलं पूर येतो का. येतो की, २०१० च्या मे महिन्यात इथून जवळच्या विल्कूव्ह भागात बांध फुटून जवळपास सगळा भाग पाण्याखाली गेला होता. कोल्हापूरच्या माणसाला यापुढे काही समजावावं लागत नाही.

मग फेरीने पलीकडे, यानोविएत्स. फेरी पाण्याच्या पातळीवर अवलंबून, उन्हाळ्यात नदी फार उतरली की बंद पण ठेवतात, त्यामुळे विचारून जायचं. तिकडचा किल्ला फिर्लेई घराण्याचा, सोळाव्या शतकातला, काझिमिएझची जहागीर पण बराच काळ याच घराण्याकडे होती. मोठा पण भग्न, दर्शनी भिंतीवर पांढरे-लालसर आडवे पट्टे रंगवलेत ते आधी विचित्र वाटतात, मग आवडायला लागतात. कम्युनिस्ट राजवटीत सगळं सरकारजमा होत असताना हा किल्ला १९७५ पर्यंत एका माणसाच्या खासगी मालकीचा होता, बहुतेक पडकी भिंत कुणाला नको असेल. इथे गर्दी पाव सुद्धा नव्हती. वरून काझिमिएझ बघायचं ते इथूनच.

परतीच्या बसला तोबा गर्दी, एक सोडून दिली, दुसरीत उभं राहून पुवावी. ट्रेनला वेळ होता म्हणून तिथल्या चार्तोरिस्की राजवाड्याच्या बागेत गेलो. टोकाला सिबिलचं गोल मंदिर आहे, इझाबेला चार्तोरिस्का या सरदारणीने १८०१ मध्ये त्यात पोलंडचं पहिलं म्युझियम सुरू केलं, देश नकाशावर नसताना. आम्ही बाहेरूनच बघितलं, पाय बोलायला लागले होते.

कुणी जाणार असेल तर मधल्या वारी जा, एक मुक्काम तरी कराच, रोख झ्लॉटी जवळ ठेवा, आणि घळीत पावसानंतर लगेच जाऊ नका, ते बेसन भिजलं की बुटासकट ओढून घेतं. लोकगीतं ऐकायची असतील तर मात्र जूनच्या शेवटच्या वीकेंडला पर्याय नाही, गर्दी सोसा.

ट्रेनमध्ये आई कोंबडा संपवत होती आणि बाबांनी माझ्या फोनवर नकाशा उघडून विस्वा खालपर्यंत बोटाने सरकवत नेली. "तो गहू जिथं उतरायचा ते ग्दान्स्क," म्हणाले, "तिकडं किती तास?" वॉर्साहून तीनेक तास, म्हटलं. पुढच्या शुक्रवारची तिकिटं काढलीयेत.